काल्हेरच्या गोदामातल्या दोन जावा

मेल्यानंतर माणसाचं मागे काहीही उरत नाही, अशा ठाम मताचा मी आहे. कॉम्प्युटरवरून काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही... म्हणून हे लिहितोय.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. भिवंडीजवळ काल्हेरला एका आगरी कुटुंबाचं गोदाम होतं. गेटवरच्या खोलीत लिनक्सचं मशीन. त्यावर गेटपास छापायचं नवीन सॉफ्टवेअर मला बसवायचं होतं. माल ठेवणाऱ्या पार्टीचे साहेब चार वाजता बघायला येणार होते. तोवर पास निघाला नाही, तर गेटवर पार्टी आपला माणूस बसवणार आणि सुनंदावहिनींनी परत घरात बसायचं, हे त्यांच्या दिरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. वहिनी त्या घरची धाकटी सून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घराबाहेरची खुर्ची मिळाली होती.

नव्या सॉफ्टवेअरला जावा हवी होती नवीन, १.५. मशीनवर होती जुनी, १.४. आमच्या धंद्यात एक शिळा विनोद आहे — एका मशीनवर दोन जावा म्हणजे एका घरात दोन जावा, पटायचं नाहीच. म्हणून जुनीला आम्ही थोरली म्हणायचो, नवीला धाकटी.

नवी बसवली, मशीनला तिचा रस्ता दाखवला आणि व्हर्जन विचारली. उत्तर आलं : १.४. ठीक आहे, असं होतं. जुनीचं फोल्डरच उडवलं. सगळी डिस्क शोधली, कुठे नाव नाही. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा विचारलं.

१.४.

जी फाइल डिस्कवर नाही, ती उत्तर देत होती. अडीच वाजले होते. मी ठाण्याच्या मित्राला फोन लावला. बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागलं. "अरे थोरली गेली रे, तरी इथेच बसलीय. ती उठल्याशिवाय धाकटीचं काही चालणार नाही."

फोन ठेवून वळलो, तर दारात सुनंदावहिनी. हातात चहा.

"दादा, तुमाला कोनी सांगितलं?"

मी म्हटलं, कशाबद्दल?

"मोठ्या बायचं."

मग कळलं. त्यांची थोरली जाऊ श्रावणात गेली होती. याच खोलीत, आता टेबल आहे तिथल्या खाटेवर. हातानं लिहायच्या पासांचं बुक सोळा वर्षं तिच्याकडे होतं. धाकटीला तिनं त्याला कधी हात लावू दिला नव्हता. खाट उचलून तिथे टेबल टाकलं, पण तिला कोणी काही विचारलं नाही, असं वहिनी म्हणाल्या.

मी जावा म्हणजे काय ते समजावलं. कॉम्प्युटरची भाषा वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा कप माझ्या हातात दिला आणि डोक्यावर पदर घेऊन मॉनिटरसमोर उभ्या राहिल्या.

"बाय, तू बस. तुला उठ म्हनत न्हाय. मी फकस्त पास फाडते."

एवढंच. उदबत्ती नाही, लिंबू नाही. मला संकोच वाटला, म्हणून चहा संपवला. मग उगाच काहीतरी करायचं म्हणून पुन्हा व्हर्जन विचारली.

१.५.

मधल्या वेळात मी की-बोर्डला हात लावला नव्हता. हातात कप होता. वहिनींना तर की-बोर्डवर काय कुठे असतं तेही अजून पाठ नव्हतं.

मित्राचं म्हणणं, शेलला, म्हणजे आपण टाइप केलेला हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामला, जुना रस्ता आठवत असणार. मी घरी तसं करून पाहिलं. आठवलेल्या रस्त्यावर फाइल नसेल, तर मशीन "फाइल नाही" म्हणतं. गेलेल्या फाइलच्या नावानं उत्तर देत नाही. आणि रीस्टार्टनंतर कुठली आलीय आठवण? त्यानंतर दोन जाणकारांना विचारलं. एकानं विषय बदलला. दुसऱ्यानं विचारलं, चहात काय होतं. मला अजूनही कारण माहीत नाही.

साहेब चारऐवजी साडेपाचला आले. कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. छापलेला पास उलटसुलट केला आणि रबरी शिक्का नाही म्हणून परत दिला. वहिनींनी ड्रॉवरमधून शिक्का काढून मारला. तिरका बसला, पण चालला. गेट त्यांच्याकडेच राहिलं.