पहिल्या खिडकीचा तक्ता

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बोधगया-काशी सहलीत बसमधली पहिली खिडकी कोणाला आणि कोणत्या दिवशी मिळेल, हे सोबतच्या तक्त्यात ठरवून दिले आहे. निर्णय अंतिम आहे. तक्रारीचा विचार केला जाणार नाही.

हा मजकूर माझा नाही. बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर तो पंधरा दिवस लटकत होता आणि खाली माझ्या आईची सही होती. आईची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, पण पट्टी आणि लाल पेन घरी आलं.

सोसायटीत निम्मी घरं आमच्यासारखी बौद्ध, निम्मी हिंदू. निम्म्यांना बोधगया हवी होती, निम्म्यांना काशी. उल्हासनगरच्या टूरवाल्या सिंधी शेटनी एका वाक्यात वाद मिटवला. "साईं, रस्ता एकच, आचारी एकच, बस एकच. दर्शन अलग अलग करा ना, मला काय प्रॉब्लेम?" गयेपर्यंत रेल्वे, पुढे बस. मग आईने तक्ता आखला. रोज प्रत्येकाने दोन रांगा मागे सरकायचं, शेवटच्यांनी पुढे यायचं.

भांडण कुठे होणार, ते मला तक्ता वाचतानाच दिसलं. मी गप्प राहिले. सहलीत करमणूक लागते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बस लागते. त्यांचे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते, त्यामुळे वहिनींना विनंती करायची फारशी सवय नाही. बोधगया ते काशी हा सगळ्यात लांबचा पल्ला, आणि त्या दिवशी वहिनी पार मागे, चाकाच्या वर. पहिली खिडकी कोणाची? आईची. मुद्दाम नाही, क्रमच तसा आला होता. बोधगयेला पोचलो त्या संध्याकाळी, जेवणाच्या पंगतीत वहिनींनी विषय काढला.

"अहो ताई, मागे बसले तर माझं आतडं बाहेर येईल हो. उद्या तेवढी खिडकी द्या."

"पिशवी ठेवा जवळ. नियम सगळ्यांना सारखा."

"उलटी काय नियम विचारून येते?"

"आज तुम्हाला दिली तर उद्या दहा जण येतील."

वहिनींनी ताट उचललं आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. बोलणं बंद.

आईला मात्र खिडकीपेक्षा मोठी काळजी होती. बेलवलीला माझी मावशी राहते, आईची थोरली बहीण. बोधगयेला दोघींनी मिळून जायचं, हे माझ्या लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. जायची वेळ आली आणि मावशीच्या गुडघ्यांनी नकार दिला. निघायच्या दिवशी तिने आईचा हात धरून एवढंच सांगितलं, "बोधिवृक्षाचं एक पान आण. आपणहून गळालेलं. तोडलेलं नको, विकतचं तर नकोच." ही गोष्ट आईने गया येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाविहाराच्या बाहेर प्लास्टिकमध्ये घातलेली पिंपळाची पानं विकायला होती. मी म्हटलं, "आई, घेऊन टाकू. मावशीला काय कळणार?" अर्धवट भरलेला अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं, तसं आईने माझ्याकडे बघितलं.

शेटनी तासाभराचा वेळ दिला होता. त्यानंतर जेवण आणि लगेच काशी. आम्ही झाडाखाली बसलो. पांढऱ्या कपड्यांतले श्रीलंकेचे उपासक, कुठलेकुठले भिक्खू, संथ पठण. हवा गार, वारा नाही. आई ध्यानाला बसली, म्हणजे तिने एक डोळा मिटला. दुसरा वर फांदीकडे होता.

पहिलं पान सुटलं, तेव्हा दहा जण एकदम उठले. एका परदेशी आजींनी ते हवेतच झेललं, इतक्या चपळाईने की मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या. दुसरं पान झाडाभोवतीच्या कठड्याच्या आत पडलं, हात पोचणार नाही असं. तिसरं पडेचना.

"आलोच आहोत तर" म्हणून वहिनीही येऊन बसल्या होत्या, आमच्यापासून दोन हातांवर, तोंड दुसरीकडे करून. डोक्यावरून शाल घेतली आणि थोड्या वेळात पेंगायला लागल्या. तेवढ्यात शेट आले. पठण चाललेलं, बोलायची सोय नाही, म्हणून त्यांनी आधी मनगटावर बोट आपटलं आणि मग हवेतच वरण-भात कालवून दाखवला.

आई उठली. चटई गुंडाळली. वर एकदा बघितलं.

आणि पान आलं. अगदी सावकाश, गिरक्या घेत आलं आणि वहिनींच्या डोक्यावर, शालीवर टेकलं.

शेजारच्या एका म्हाताऱ्या उपासकाने वहिनींना हात जोडले. त्या दचकून जाग्या झाल्या, डोकं चाचपलं, पान हातात घेतलं. चांगलं तळव्याएवढं, देठासकट. "अगं बाई!" त्या मला म्हणाल्या. "छान आहे. पोथीत ठेवते."

तिथला रिवाज न सांगता कळतो. पान ज्याच्या अंगावर पडलं त्याचं. आईचा हात पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला आणि चटई छातीशी धरली. नियम सगळ्यांना सारखा. वहिनींनी पर्सची चेन उघडली. मी आईकडे बघत होते. कचेरीत कुणी तिला रडवू शकलं नव्हतं, पण आता तिची हनुवटी हलत होती.

नेमकं त्याच क्षणी पठण थांबलं. सगळीकडे शांतता पसरली आणि त्या शांततेत आई केवढ्यांदा तरी ओरडली, "वहिनी, थांबा! तक्ता गेला खड्ड्यात, काशीपर्यंत खिडकी तुमची!"