आमच्या बँडचं पोर्तुगीज गाणं

चहा येतोय तोवर माझी एक फजिती ऐका. हसायचं असेल तर हसा, आमच्या घरचे अजून हसतात.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण श्रीरामपुरात एके काळी आमचा एक बँड होता. लग्नातला नव्हे. गिटारचा. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता, मी कॉलेजात होतो, केस कॉलरच्या खाली आले होते आणि आमच्या बँडचं नाव होतं 'द सायलेंट थंडर'. गाव आम्हाला 'सायलेन्सर पार्टी' म्हणायचं, तो भाग वेगळा.

बँडमध्ये आम्ही तिघं. विल्सन गिटार वाजवायचा. चर्चमध्ये शिकला होता, त्यामुळे आमच्यात खरं संगीत येणारा तो एकटाच. बबन ड्रमवर. ड्रम म्हणजे एक ताशा, एक रॉकेलचा डबा आणि त्याच्या आईची पितळी परात. आणि गायक मी, दत्तू. शिकायला आत्याकडे राहिलेला शेतकऱ्याचा पोरगा.

आम्ही दुसऱ्यांची गाणी म्हणत नसू. तत्त्व वगैरे काही नाही, जमत नसत. आजकाल म्हणे असल्या जगावेगळ्या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. आमच्या वेळी शेजारी त्याला 'बंद करा रे' म्हणायचे.

आता गाणी इंग्रजी हवीत, हा माझा हट्ट. विल्सनच्या घरी रेडिओवर परदेशी स्टेशन लागायचं. त्यातलं निम्मं खरखरीत जायचं, उरलेलं मला कळायचं नाही. पण इंग्रजी बोलताना तोंड कसं वाकडं होतं, जीभ कुठं वळते, हे मी बरोबर पकडलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी गाणी रचायचो. 'ओ शी वॉना रिव्हर गॉट मी बेबी लँडर', असलं काहीतरी. अर्थ विचारू नका. तेव्हाही कुणी विचारला नव्हता.

आमचा पहिला कार्यक्रम गणपतीत झाला आणि दुसऱ्याच गाण्याला मंडळानं माईक काढून घेतला. दुसरा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. तिथून माझे ग्रह फिरले.

संमेलनाला पाहुण्या म्हणून मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या होत्या. बाई मूळच्या इंग्लंडच्या. पण तरुणपणी इकडं आल्या आणि मराठी शिकल्या ती पेशंटांकडून. त्यामुळे दिसायला राणीसाहेब आणि बोलायला थेट आमच्या आत्यासारख्या. हे मला माहीत होतं. त्या पहिल्या रांगेत बसल्यात, हे मात्र गाणं संपल्यावर कळलं.

कार्यक्रम झाल्यावर बाईंनी मला बोलावलं. पाठीवर हात ठेवला.

"लई झ्याक म्हनलास रं बाळा. कोनत्या भाषेतलं हाय?"

आता इंग्लंडच्या बाईला 'इंग्रजी' म्हणून कसं सांगणार? श्रीरामपुरात कुणालाच येणार नाही अशी एखादी भाषा मी मनात शोधायला लागलो आणि तोंडातून निघून गेलं, "पोर्तुगीज."

बबननं गंभीरपणे मान हलवली. विल्सन माझ्याकडे बघतच राहिला.

बाईंचा चेहरा असा काही खुलला, की मी लगेच ओळखलं, आपण मेलो. त्यांनी सांगितलं, दवाखान्याच्या मेट्रनबाई गोव्याच्या. त्यांचे म्हातारे वडील बायको गेल्यापासून लेकीकडेच येऊन राहिले होते. शिक्षण सगळं पोर्तुगीज शाळेत. इथं ती भाषा बोलायला एक माणूस नाही, म्हणून बिचारे दिवसभर खिडकीत बसून असतात. तेव्हा नाताळच्या कार्यक्रमात मी गायचं. बाईंनी मला विचारलं नाही, सांगितलं. डॉक्टर आहेत, त्यांना सवय.

पुढं काय झालं म्हणता? गावभर झालं. दत्तूला पोर्तुगीज येतं. कॉलेजात मुली वळून बघायला लागल्या, ते मी सोसलं. पण एका कापूस व्यापाऱ्यानं मला पेढीवर नेलं आणि परदेशी मशीनवरची पट्टी वाचायला लावली. मी बराच वेळ बघितली आणि म्हणालो, "ओल लागू देऊ नका, असं लिहिलंय." त्यानं त्याच दिवशी मशीनवर ताडपत्री घातली. आत्या तर नळावर पाणी भरायला जाताना मला उगाच बरोबर नेऊ लागली.

नाताळ जवळ आला तसं माझं जेवण कमी झालं. मेट्रनबाईंचे वडील रोज विचारतात, तो मुलगा कधी गाणार, अशी बातमी विल्सननं आणली. त्यांनी म्हणे ठेवणीतला कोट इस्त्रीला दिला होता.

"दत्या, म्हाताऱ्याला फसवू नकोस," विल्सन म्हणाला. "तुझ्या थापेपायी त्याचं मन मोडेल."

मलाही ते खात होतंच. मग मी ठरवलं, आपण सरळ मराठीत गायचं. डॉक्टरबाईंची आणि त्या म्हाताऱ्या बाबांची नंतर माफी मागायची. विल्सननं चाल दिली, मी शब्द लिहिले. 'घोडेगावच्या बाजारात गाय माझी हरवली'. साधं, सरळ, आपल्या मातीतलं गाणं. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्थ असलेलं काहीतरी गाणार होतो.

चर्चमागच्या पटांगणात मांडव घातला होता. पहिल्या रांगेत डॉक्टरबाई, त्यांच्या शेजारी कोट घातलेले मेट्रनबाईंचे वडील आणि पलीकडे आमची आत्या, गल्लीतल्या बायका घेऊन आलेली. 'हे गाणं मराठी आहे' असं आधी सांगायचं ठरलं होतं. पण मी माईक हातात घेतला आणि त्यानं अशी शिट्टी मारली, की बबननं घाबरून परातीवर काठी हाणली. गाणं सुरू झालं. मग काय, डोळे मिटले, मान मागं टाकली, तोंड सवयीनं वाकडं झालं आणि जीव ओतून गायलो. गाय हरवल्याचं दुःख माझ्या गळ्यात उतरलं होतं, असं मला आजही वाटतं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. म्हातारबाबा उठले, काठी टेकत स्टेजपाशी आले. डोळ्यांत पाणी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"फार वर्षांनी ऐकलं, पुता," ते म्हणाले. "सगळे शब्द नाही समजले. आमची गोव्याची पोर्तुगीज वेगळी. तुझी लिस्बनकडची दिसते."

एवढ्यात डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, मागच्या खेपेपेक्षा आज माझं पोर्तुगीज पुष्कळ सुधारलंय.

आता खरं बोलायलाच हवं होतं. मी बाईंना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "बाई, हे पोर्तुगीज नव्हतं. मी मराठीत गायलो."

बाई खळखळून हसल्या. माझा गाल ओढला.

"माजी चेष्टा करतुस व्हय? मला मराठी येतं रं."

मी विल्सनकडे बघितलं. तो गिटार पुसत होता. बबनकडे बघितलं, तर तो म्हणाला, त्याला वाटलं मी ऐन वेळी बेत बदलून पोर्तुगीजच म्हटलं.

शेवटी म्हटलं, निदान रक्ताचं माणूस तरी साक्ष देईल. मी आत्याजवळ गेलो. तिनं कौतुकानं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि जरा नाराजीनंच म्हणाली, "ग्वाड म्हनलास दत्तू. पन एकांदं मराठीतलं बी म्हनायचं हुतंस की. आमाला बी कळलं असतं."