जुळीची तहान

काल बसस्टँडवरच्या नळाला एक शाळकरी मुलगी ओंजळ लावून मनसोक्त पाणी पीत होती, आणि तिची आई खुशाल मोबाइल बघत होती. मला त्या मुलीचा चक्क हेवा वाटला.

मी आणि सुमा एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी. अकराव्या वर्षी सुमाला मधुमेह झाला, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. डॉक्टर आईला म्हणाले, "दोघींची जनुकं एकच. त्यामुळे हिलाही होण्याची शक्यता जास्त, पण होईलच असं नाही. फार तहान लागायला लागली तर सांगा."

आईने फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. मी तांब्याला हात लावला की ती ओरडायची, "परत?" शेवटी मी शेजारच्या काकूंकडे पाणी प्यायला जाऊ लागले. काकूंनी ते आईला सांगितलं आणि माझी रवानगी थेट रक्त तपासायला झाली.

साखर नॉर्मल निघाली. आईने देवापुढे पेढे ठेवले. मला मात्र सुमाकडे बघवेना. जन्मापासून सगळं निम्मं-निम्मं, आणि हे तेवढं तिला एकटीला! मला रडूच फुटलं.

सुमा दंडात सुई टोचून घेत म्हणाली, "गप गं. आता निदान शाळेत बाई आपल्याला ओळखतील तरी."