थोरलीच्या गालावरची तीट

मैत्रिणींनो, हसायचं न्हाई. आज मी तिसरीतल्या पोरीला रुपयाएवढी तीट लावून शाळेत पाठवलं.

सकाळी बाळाची आंघोळ-धुरी उरकली आणि तीट लावायला बोटावर काजळ घेतलं. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. थोरलीनं रोजच्यासारखा पापा घ्यायला गाल पुढं केला. घाईत मी त्याच गालावर बोट टेकवलं आणि "पळ" म्हणलं. पोरगी पळाली.

दुपारी सासूबाई ओरडल्या, "अगं, लेकराला तीट कुठंय?" तवा माझ्या डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी पोरगी आली, तीट जशीच्या तशी! मी ओला रुमाल घेऊन धावले.

"पोरं हसली असतील की गं?"

"हाव, लई हसली. मॅडमबी पूस म्हणल्या."

"मग पुसली का न्हाईस?"

"तू लावलीस ना. मला वाटलं, बाळासारखी मलाबी दृष्ट लागंल म्हणून तू भ्यालीस."

मी रुमाल मागं लपवला.

उद्यापासून दोघांनाबी तीट. नवरा विचारून राहिलाय, "माझं काय?" त्याचं बघू. पण चुकून लागली होती, हे माझ्या पोरीला कुणी सांगू नका. आणि खरं सांगा, तुमच्या थोरल्याला शेवटची तीट कधी लावली होती?