दोन सप्लायर, एकच टाकी

चाकं जोडायची लाइन बंद पडून तिसरा दिवस होता. लोपीस मॅडम एकट्याच माझ्या स्टोअरच्या दारात आल्या आणि पिना किती उरल्यात ते विचारलं. मी रिकामी पेटी उलटी करून दाखवली.

आमचा कारखाना वसईजवळ गोखिवऱ्यात. हॉस्पिटलच्या खाटांना लागणारी चाकं तिथे जोडतात. मी चौथी शिकलेली, चांदीपहून यायची, स्टोअर सांभाळायची. चाक ज्या लोखंडी तुकड्यावर फिरतं ती पिन. ती गंजू नये म्हणून जस्ताच्या टाकीत बुडवून थर चढवतात, ते प्लेटिंग. प्लेटिंग नसेल तर माल परत.

मॅडम हेड ऑफिसात डेटा सायन्सच्या मुख्य. वसईच्याच, किनाऱ्याकडच्या ख्रिस्ती घरातल्या. सुरुवातीला एका गोदामात ट्रक किती उशिरा येतात ते तपासायच्या. लॉकडाउनमध्ये सगळ्यांचा माल अडकला आणि त्यांच्यासारख्यांना मागणी आली. त्यांच्या कामाला सप्लाय चेन रेझिलियन्स म्हणतात. मी अर्थ विचारला तर म्हणाल्या, "मावशी, एक वाट बंद झाली तर दुसरीने माल यायला हवा. ती दुसरी वाट आधीच शोधून ठेवायची."

पिनेसाठी त्यांनी तेच केलं. एक सप्लायर गोखिवऱ्याचा होता, दुसरा भिवंडीचा घेतला. कॉम्प्युटरवर पिनेसमोरची धोक्याची लाल खूण हिरवी झाली.

भिवंडीचा पहिला माल उघडला तेव्हाच मला कळलं. आमच्या मागच्या गल्लीतला प्लेटिंगवाला पिना लाकडाच्या भुशात सुकवतो, पेंडेच्या जुन्या गोणीत भरतो आणि तोंड साडीच्या फाडलेल्या काठाने बांधतो. दुसरं कोणी असं बांधत नाही. आता दोन्ही सप्लायरांच्या गोण्या तशाच येत होत्या. गाळ्यांत ही रीतच आहे. ऑर्डर आपल्या नावावर घ्यायची, अर्धं काम दुसऱ्याकडून करून आणायचं आणि गप्प बसायचं.

मी परचेसच्या राऊत साहेबांना सांगितलं. भिवंडीवाला त्यांनीच सुचवला होता. ते म्हणाले, "तुम्ही पेट्या मोजा मावशी. नसती पंचायत नको."

पुढच्या आठवड्यात मॅडम फॉर्म घेऊन आल्या. राऊत साहेब बरोबर होते. माल किती दिवसांनी येतो, किती परत जातो, असं सगळं विचारलं. शेवटी दोघांच्या मालात काही सारखं दिसतं का, हेही विचारलं. मी नाही म्हटलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

चार महिन्यांनी प्लेटिंगवाल्याच्या गाळ्याला सील लागलं. टाकीचं तेजाबाचं पाणी तो नाल्यात सोडत होता. दोन्ही सप्लायरांचा माल एकाच दिवशी थांबला. दोघांनीही मशीन बिघडल्याचं कळवलं. नव्या प्लेटिंगवाल्याचं सॅम्पल पास व्हायला तीन आठवडे लागणार होते. लाइनवरच्या अठरा बायकांना घरी बसवलं. खाटा चाकांवाचून पडून राहिल्या.

मॅडम मी उलटी केलेल्या त्या पेटीकडे बघत होत्या. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या गोण्यांकडे गेल्या. दोन उचलल्या, वरच्या चिठ्ठ्या वाचल्या. एक गोखिवऱ्याची, एक भिवंडीची. काठाच्या पट्ट्या दोन्हींना होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं होतं मावशी."

"साहेब बाजूला उभे होते."

"आणि ते नसते तर?"

खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तरी सांगितलं असतं का, कोनाला ठाऊक. हिरवी खूण तुमची होती, नोकरी माझी."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गोण्या घडी करून जागेवर ठेवल्या आणि हेड ऑफिसला फोन करायला बाहेर गेल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "माझी तपासणीच मुळी अपुरी होती," असं म्हणाल्या. मी दारातून ऐकलं.

महिन्याभरात त्यांचं पद बंद झालं. दुसऱ्या दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, पण तिथे आधी याच बंद पडलेल्या लाइनबद्दल विचारलं, असं ऑफिसातली मुलगी सांगत होती. पुढचं मला माहीत नाही. राऊत साहेबांना काही झालं नाही. अठरांतल्या सात बायका परत आल्याच नाहीत.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगते. सप्लायरचं नाव लिहून घेऊन थांबू नका, माल कुठल्या टाकीतून निघतो ते स्वतः जाऊन बघा. आणि माल हाताळणाऱ्या बाईला विचारायचं असेल, तर तिची नोकरी आधी कुठेतरी पक्की करून मग विचारा.