बहिणीला परत मागितलं तो रविवार

माझी धाकटी बहीण चांगली जिवंत असताना आमच्या चर्चवाल्यांनी तिचा फोटो भिंतीवर लावला आणि त्याला हार घातला. आमच्याकडं हार कुणाच्या फोटोला घालतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी पाळकसाहेबांना तोंडावर तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "ताई, हा सन्मानाचा हार आहे." प्लास्टिकचा होता. एवढा सन्मान उतू चालला होता, तर चार झेंडूची फुलं तरी आणायची.

बहीण नर्स. सोलापूरला शिकली, तिथंच नोकरीला लागली. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला वाढवलं मी. मग एका मिशनचे लोक आमच्या चर्चमध्ये आले आणि त्यांनी आफ्रिकेतल्या एका देशाचा व्हिडिओ दाखवला. लढाई, पडलेली घरं, तंबूतला मिशनचा दवाखाना. ही बया तिकडं जायला तयार झाली. मला विचारलं नाही. तिला कुणी ढकललं असं मी म्हणणार नाही, ती आपल्या मनानं गेली. पण यायचं म्हणाली तेव्हा तिला तिथं डांबून ठेवलं ते आमच्या लोकांनी, आणि माझा राग त्याचा आहे.

आमचं गाव जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत. ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, पत्र्याचं छोटंसं चर्च, वर भोंगा. आजवर आम्हाला हिंग लावून कुणी विचारत नव्हतं. बहीण गेली आणि पाळकसाहेबांना सोलापूरपासून लातूरपर्यंत प्रवचनाची बोलावणी सुरू झाली. "आमच्या मंडळीनं युद्धाच्या भूमीवर सेविका पाठवली आहे," अशी सुरुवात करायचे. मंडळी म्हणजे आम्हीच, चर्चची माणसं. तिच्यासाठी दानार्पण गोळा व्हायचं, बायका आळीपाळीनं उपवास धरायच्या, "त्या अंधारातल्या देशासाठी" प्रार्थना व्हायची, आणि तेवढ्यात आमचीच लाईट जायची. चर्चचे एक म्हातारे पंच, ज्यांनी उभ्या जन्मात सोलापूरच्या पुढं पाऊल टाकलं नाही, मला म्हणायचे, "आपण लढाईत हाय, ताई." आपण! हे कडब्याच्या गंजीला टेकून तंबाखू मळणार, आणि हे लढाईत.

एका दुपारी मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, तेव्हा तिचा फोन आला. "अक्का, मला घरी यायचंय." मागं काहीतरी धाडकन वाजलं. मी विचारलं, ते काय? म्हणाली, ते रोजचंच आहे. हात थरथरतात म्हणाली, सलाईन लावायला शीर सापडत नाही. मी म्हटलं, मग ये की. तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. मिशनचा नियम असा की, ज्या मंडळीनं पाठवलं तिनं मोकळं केल्याशिवाय मुदतीआधी परत आणत नाहीत. "मी पाळकसाहेबांशी बोलले, अक्का. ते म्हणत्यात, हा सैतानाचा आवाज हाय, उपवास कर."

"उपवास? जेवायला मिळतंय का तुला?"

मी पळी तशीच पातेल्यात टाकून मदतनीस बाईला सांगितलं आणि थेट पाळकसाहेबांच्या घरी गेले.

ते चहा पीत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, अशी अर्ध्यातून परत आली तर आपल्या मंडळीची लोकांपुढं साक्ष काय राहील, नाव काय राहील?"

"आणि मेली तर?"

"ते देवाच्या हातात आहे."

मला त्या माणसाची किळस आली. पुढं बोलले असते तर वाईटच बोलले असते, म्हणून उठून आले.

घराशी शेजारच्या काकू मेंढरं घेऊन परतत होत्या. धनगराचं घर त्यांचं. बहिणीची चौकशी करणाऱ्या त्या एकट्या. बाकी गाव तिचं कौतुक करायचं. "बारकी कवा यायची गं?" त्यांनी विचारलं.

"चर्चवाले सोडत न्हाईत, काकू."

"त्यांनी काय इकत घेतलीया व्हय तिला?" काकू काठी टेकून उभ्या राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "भोंग्यातनं ऐकते की म्या दर रविवारी. येकजण काय बी म्हणतो आन समदे आमेन म्हणत्यात. तू म्हण की मग येकदा." आणि मेंढरांना हाकारत पुढं गेल्या.

त्यांनी थट्टाच केली होती. पण खोटं काय होतं त्यात? आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मंडळीतलं एकजण पाळीनं पुढं उभं राहून प्रार्थना करतं, आणि प्रत्येक वाक्याला सगळे डोळे मिटून "आमेन" म्हणतात. तसंच होवो, असा त्याचा अर्थ. लहानपणापासूनची सवय. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं, वाक्यात काय होतं ते कुणी बघत नाही.

माझी पाळी कापणीच्या सणाला आली. वेदीपुढं अर्पणाला आणलेली ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा, एका कोपऱ्यात पाय बांधलेला कोंबडा. पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून मिशनचे साहेब बसलेले. पाळकसाहेबांनीच बोलावलं होतं त्यांना, आमची लढाई दाखवायला.

मी माईक धरला आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे बापा, तू पीक दिलंस, तुझे उपकार मानतो."

"आमेन."

"आमच्या बहिणीला लढाईच्या देशात आजवर राखलंस."

"आमेन!" हे जरा जोरात आलं.

"तिनं तिचं काम इमानानं केलं."

"आमेन."

"आता ती थकली आहे, तिचे हात थरथरतात."

"आमेन."

"ही तुझी मंडळी आज तिला मोकळं करते. तिला सुखरूप घरी आण."

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज त्या म्हाताऱ्या पंचांचा.

मी डोळे उघडले. पाळकसाहेबांचे आधीच उघडे होते. मिशनचे साहेब मान वर करून माझ्याकडं बघत होते.

उपासना संपल्यावर ते पाळकसाहेबांना म्हणाले, "मंडळीनं ठरवलंय तर आमची काही हरकत नाही. मला कुणी कळवलं नव्हतं." पाळकसाहेब काय बोलणार? अख्ख्या गावानं भोंग्यातून ऐकलं होतं. पंच बाजूला पुटपुटत होते, "आमेन तर म्या बी म्हटलं, पण ध्यान नव्हतं." आणि पाळकसाहेबांनी मला भिंतीशी गाठलं. "ताई, तुम्ही प्रार्थनेचा डाव केलात."

"मी देवाकडं मागितलं," मी म्हणाले. "आमेन तुम्ही सगळ्यांनी म्हटलंत. आता देवासमोर फिरवून दाखवा."

त्यांनी फिरवलं नाही. बहीण परत आली. जळकोटला गाडीतून उतरली तेव्हा अंगावर मांस नव्हतं. तिच्यासाठी उपवास धरणाऱ्या बायकांपैकी एकही तिला भेटायला आली नाही. एकीनं पाण्याच्या टाकीवर मला विचारलं, "पळून आली व्हय?" तिला मी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ती आली त्याच दिवशी दुपारी मी बहिणीला गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली आणि त्या रविवारची सगळी गोष्ट सांगितली. पंचांचा आवाज काढून दाखवला, पाळकसाहेबांचं तोंड कसं झालं ते दाखवलं. माझं मलाच हसू आवरत नव्हतं. ती हसली नाही.

"अक्का, माझ्या वॉर्डात बाळंतिणी होत्या," ती म्हणाली. "मी निघाले तवा माझ्या जागी कुणी आलं नव्हतं. प्रार्थनेत त्यांच्यासाठी काय म्हटलंस?"

"काही नाही."

"आणि दवाखान्यातल्या बाकीच्यांसाठी?"

"त्यांच्यासाठी अख्खं चर्च पडलंय," मी चिडून म्हणाले. "चर्चवाल्यांनी बघावं. मला बहीण एकच आहे."

"चर्च कसं हाय ते तूच सांगितलंस की आत्ता."

मी तिच्यावर ओरडले, की मुकाट्यानं आधी जेव. तिला आणलं याचं मला आजही वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन. पण त्या दुपारी ती ताटावरून उठली, आणि भाकरी तशीच राहिली.