राजगीरला आमचा गाव

गाव नांदता असतो तोवर किस्से कुणी जमवत नाही. गाव उठला की ते येऊन बसतात. आमचा डिचोलीकडचा गाव खाणीत गेला. खाणीत गेलेल्या गावाचं जोतंसुद्धा राहत नाही, खड्डा राहतो. घरं पाडायच्या आधी सगळे मिळून गयेला गेलो, पितरांना सांगायला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराची गोष्ट. तिथला बसवाला म्हणाला, राजगीर जवळच आहे, बुद्धाच्या काळची राजधानी. म्हटलं, चला.

*

रेल्वेत अनंत मास्तर आणि पोस्टमन दत्ताराम यांची गोव्याच्या राजभाषेवरून जुंपली होती. मास्तर मराठीवाले, दत्ताराम कोंकणीवाला. मास्तर मराठीची बाजू मांडत होते, तीही कोंकणीतच!

शेवटी सुमतीवहिनी म्हणाल्या, "आदीं घर खंय बांदतलात तें थारायात, मागीर कशें उलोवप तें."

आधी घर कुठे बांधणार ते ठरवा, बोलायचं कसं ते मग, असं म्हटल्यावर दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

*

राजगीरचा गाइड भलताच उत्साही. "इधर राजमहल था!" बघतो तर गुडघाभर दगडी जोतं आणि गवत.

वहिनींनी विचारलं, "रांदचीकूड खंय?"

स्वयंपाकघर कुठे होतं हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. बिचाऱ्याने एक कोपरा दाखवला. वहिनींनी पदर खोचून तिथला पाला काढला आणि मग तिथेच रडत बसल्या.

*

डोंगरावर शहराची जुनी भिंत आहे, भल्यामोठ्या दगडांची. मास्तर म्हणाले, "एवढी भिंत घातली, तरी शहर गेलंच."

"आमचो गांव तर सही मारल्यार गेलो," दत्ताराम म्हणाला.

सह्या सगळ्यांनीच केल्या होत्या. कुणी वर बघेना.

*

आता बाबुसो. देवळात गावाचं गाऱ्हाणं तोच घालायचा. त्याने मागायचं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग नारळ फुटायचा. होकाराशिवाय नारळ फुटत नाही.

निघताना त्याने सगळ्यांना राजवाड्याच्या जोत्यासमोर उभं केलं. पिशवीतून नारळ काढला. गाइड बाजूला विडी ओढत बघत होता.

"हांगाचो राखणदार कोण तें आमकां खबर ना. पूण तूं आसा म्हणून इतलें तरी उरलां."

"व्हय म्हाराजा."

"आमचो दोंगर वतलो, घरां वतलीं, देवूळ वतलें."

"व्हय म्हाराजा," जाणाऱ्या सगळ्याला आम्ही कसाबसा होकार दिला.

"तर म्हाराजा, आमच्या घरांचीं जोतीं तरी अशीं उरूं दी."

खाणीत जोतं उरत नाही हे सगळ्यांना ठाऊक; कुणालाच होकार देववेना. बाबुसो नारळ धरून तसाच उभा. बसवाल्याने हॉर्न दिला, तरी तो हलेना.

तेव्हा गाइडने विडी टाकली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!"